आई दुपारी झोपते

७ जुलै, सोमवार

बिडवे मॅडमनी आज माझा निबंध परत केला. विषय होता ‘माझा शाळेतील एक दिवस’. खाली लाल पेनाने शेरा: ‘मनस्विनी, दिवसभरात आनंदाचा एकही क्षण नाही का? पुन्हा लिहून आण.’ नाही, मॅडम, नाही. पण तसं म्हणून चालत नाही. म्हणून संध्याकाळी बसून ‘शाळेचे प्रांगण पक्ष्यांच्या किलबिलाटाने दुमदुमून जाते’ वगैरे दोन पानं खरडली. आमच्या शाळेच्या प्रांगणात सिमेंट आहे आणि पक्षी म्हणाल तर जनरेटरच्या खोलीवर बसणारे कावळे.

खरं ते इथे लिहिते. इथे कोणी शेरा मारणार नाही.

पहाटे आई हलवून उठवते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, म्हणून बादली एकच. केस धुवायचे की अंग, ते आपण ठरवायचं. बाहेर अंधार असतानाच गणिताचा क्लास, तिथून परस्पर शाळा. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, मग एकापाठोपाठ एक तास. आमच्या वर्गात बाक मार्कांवर मिळतो. शनिवारी चाचणी आणि सोमवारी बाकबदल. सगळ्यांच्या देखत दप्तर उचलायचं आणि आपल्या लायकीच्या बाकावर जाऊन बसायचं. सर म्हणतात याने ईर्षा वाढते. वाढते ना. आज मी दोन बाक मागे गेले आणि माझ्या जागी जी बसली तिची वेणी ओढावीशी वाटली.

मधल्या सुट्टीत मी श्रद्धाला विचारलं, “काय करून राहिलीस गं?” लगेच मागच्या पोरींनी नक्कल सुरू केली. या लातूरच्या पोरी ‘काय करलालीस’ म्हणतात, ते यांना शुद्ध वाटतं. आमचं हदगावकडचं बोलणं ऐकलं की यांच्या पोटात दुखतं. श्रद्धा लातूरचीच आहे, पण ती हसत नाही. बाकीच्यांसमोर मी आता तोंडच उघडत नाही. शाळा सुटली की सायन्सचा क्लास, मग भाड्याची खोली, मग होमवर्क, मग झोप. असा एक दिवस, आणि बाकीचे सगळे त्याच्यासारखेच.

मी हे मागितलं नव्हतं. हदगावजवळ आमचं गाव आहे, शेती आहे. आप्पा, आजी, पप्पा, काका-काकू असं भरलेलं घर आहे. तिथल्या शाळेत मी पहिली यायचे आणि सायकल दामटत घरी जायचे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एकदा जेवणं झाल्यावर आई सगळ्यांसमोर म्हणाली, “मनूला लातूरच्या शाळेत घालायचं. पोरगी हुशार हाय. एकटी कशी राहील? मी जाते तिच्यासंगं.” आई घरात कधी बोलत नाही. एक दिवस बोलली आणि माझी वाट लावली. आप्पा म्हणाले, “एवढा त्याग करायला तुम्ही तयार असाल सूनबाई, तर आम्ही कोण न्हाई म्हणणारे?”

तेव्हापासून नात्यागोत्यात जो भेटतो तो मला तेच ऐकवतो. तुझी आई तुझ्यासाठी घरदार सोडून खोलीत राहते. विसरू नको हो.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. सरांना गुलाब दिले, त्यांनी भाषण दिलं, शाळा अर्ध्या दिवसात सुटली.

खोलीवर आले तर दार नुसतं लोटलेलं. पंखा फुल. आई झोपलेली. पाय ताणून, तोंड उघडं टाकून, छातीवर पेपर ठेवून भर दुपारी झोपलेली. मी दप्तर मुद्दाम आपटलं. ती दचकून उठली आणि आधी डोक्यावर पदर घ्यायला लागली. मग मीच आहे हे बघून हसली.

“आलीस व्हय? काय मस्त डोळा लागला होता बघ.”

मला इतका राग आला की मी जेवले नाही. गावाकडे मी तिला दिवसा आडवी झालेली कधी पाहिली नाही. तिथे ती कोंबड्याच्या आधी उठून गड्यांच्या भाकरी थापते, मग शेण, मग भांडी, मग परत भाकरी. म्हणजे तिला जमतं की! मग इथे दोन माणसांच्या स्वयंपाकाने काय होतं? माझ्या डोळ्यांखाली काळं आलंय आणि ही बाई पंखा लावून झोपा काढते.

संध्याकाळी आजीचा फोन आला तेव्हा कशी बोलली ते लिहूनच ठेवते. “व्हय आत्याबाई. लई दगदग हाय. पाणी न्हाई, कायी न्हाई. आता काय करावं, लेकराचं बघावं लागतंय.” आवाज तर असा की नुकतीच दवाखान्यातून आली आहे.

२० जुलै, रविवार

शेजारच्या खोलीत शिवकांता मावशी राहते. उदगीरकडची आहे. तिचा मुलगा बारावीला आहे, म्हणून तीही आईसारखी घर सोडून आलेली. या गल्लीत अशा आयाच आया आहेत. सगळ्यांचे नवरे गावाकडे, सगळ्यांची पोरं क्लासला. आणि दुपार झाली की या सगळ्या एकमेकींच्या दारात. यांचं हसणं ऐकलं तर वाटेल कोणाचं तरी लग्न आहे.

मावशीकडे स्कूटी आहे. आज मागच्या मोकळ्या प्लॉटवर ती आईला चालवायला शिकवत होती. मी खिडकीत त्रिकोणमितीची गणितं घेऊन बसले होते आणि बाहेर यांचा तमाशा. आईने ड्रेस घातला होता. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली. गावाकडे तिने साडीशिवाय काही घातलं तर आजी जेवायची नाही. मावशी मागे पळत ओरडत होती, “पाय उचल! शिल्पा, दोन्ही पाय उचल गं!” आणि आईने उचलले. प्लॉटच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली आणि अशी हसली की माझी पेन्सिल थांबली.

शिल्पा. आईला कोणी नावाने हाक मारतं हेच मला कसंतरी वाटलं. घरी ती सूनबाई नाहीतर मनूची आई.

नंतर दोघी दहीपुरी खाऊन आल्या. माझ्यासाठी पुडीत बांधून आणली होती, ती मऊ पडलेली. मी म्हटलं, “मला नको. माझा अभ्यास चालू आहे. सगळ्यांना नाही इथे सुट्टी.” आई म्हणाली, “बरं, आणि हे बघ, पप्पांना सांगू नको हं स्कूटीचं.” मी म्हटलं, का? ती म्हणाली, “उगीच.” उगीच म्हणे.

मी ठरवलंय. दिवाळीच्या आत मला घरी जायचं. ही इथे मजेत आहे हे एकदा सगळ्यांना कळलं की तो त्यागाचा डोंगर खाली बसेल. आणि मग मला इथे ठेवायला कारणच उरणार नाही.

२६ जुलै, शनिवार

शाळेत पुढच्या शनिवारी ‘मातृगौरव सोहळा’ आहे. ज्या आया गावाकडचं घर सोडून मुलांसाठी लातूरला राहतात त्यांचा सत्कार. मुलांनी आईचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, आरती ओवाळायची. गावाकडच्यांनाही बोलावलंय. एका विद्यार्थ्याने भाषण करायचं, आणि तो विद्यार्थी कोण? मी.

मी बिडवे मॅडमना म्हटलं, मला नको. त्या म्हणाल्या, “अगं, तुझ्या बोलण्यात गावाकडचा गोडवा आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल.” वर्षभर ज्या बोलण्यावर वर्ग हसला ते आता गोड झालं. भाषण मात्र माझं नाहीच. ते त्यांनीच लिहून दिलंय. ‘स्वतः अर्धपोटी राहून जी मला घास भरवते, जिने स्वतःच्या सुखावर तुळशीपत्र ठेवले...’ मी म्हटलं, “मॅडम, ती अर्धपोटी राहत नाही. कालच तिने आणि शेजारच्या मावशीने मिळून मिसळ खाल्ली.” मॅडम म्हणाल्या, “भाषणात असं म्हणतात, मनस्विनी.”

२८ जुलै, सोमवार

बाक होता तिथेच.

आईने भाषण वाचून दाखवायला लावलं. भाकरी थापता थापता ऐकत होती. ‘सारे कष्ट हसतमुखाने सोसते’ या वाक्यावर थांबवलं मला. “हसतमुखाने काढ त्यातलं. नुसतं कष्ट सोसते म्हण.”

मी बघतच राहिले. म्हणजे मॅडमनी केलेलं कौतुकही हिला कमी पडतंय!

“आणि बाकी जसं लिहिलंय तसंच बोल. एक शब्द इकडचा तिकडं करू नको. आप्पा येणार हायत. पप्पा पण.”

“पण हे सगळं खोटं आहे.”

“आसू दे.”

“तुला एवढी हौस आहे का गं कौतुकाची?”

तिने तव्यावरची भाकर उलटली. मला वाटलं आता ओरडेल. पण ती म्हणाली, “व्हय. हाय हौस.” आणि दुसरा उंडा घेतला.

मला आई कधी इतकी आवडेनाशी झाली नव्हती.

२ ऑगस्ट, शनिवार

झालं ते झालं. क्रमाने लिहिते.

सकाळीच आप्पा आणि पप्पा आले. आईकडे चांगली जांभळी साडी आहे, पण ती विटकी सुती साडी नेसून निघाली. पावडर नाही, काही नाही. शिवकांता मावशी तशीच. गल्लीतल्या सगळ्याजणी काल संध्याकाळपर्यंत खिदळत होत्या आणि आज हॉलमध्ये रांगेत बसल्या तर एकेकीचा चेहरा असा की बघवत नाही.

पाय धुवायच्या वेळी मी आईसमोर परात घेऊन बसले. तिच्या टाचांना गावाकडे इतक्या भेगा होत्या की सतरंजीचे धागे अडकायचे. आज बघते तर टाचा मऊ. मी पाणी घातलं, कुंकू लावलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी चढायला लागलं.

मग माझं भाषण. सुरुवात मॅडमच्याच शब्दांत केली. ‘अर्धपोटी’ म्हटल्यावर पुढच्या रांगेतून नाक ओढल्याचा आवाज आला. आई मान खाली घालून डोळ्यांना पदर लावत होती, बरोबर वेळेवर. आप्पा मान डोलवत होते. आणि मला झालंच नाही सहन. मी कागद खाली ठेवला.

मी म्हटलं, हे मॅडमनी लिहून दिलंय, आता माझं सांगते. माझी आई दुपारी झोपते. पंखा लावून झोपते. तिला स्कूटी येते. ती ड्रेस घालते, दहीपुरी खाते आणि मैदानात हसली की रस्त्यापर्यंत ऐकू येतं. तिला इथे काडीचाही त्रास नाही. त्रास मला आहे. पहाटे मी उठते, मार्क मी मिळवते, माझ्या बोलण्याला तुम्ही हसता ते मी ऐकून घेते. त्यागाचं म्हणाल तर तो मी करून राहिले.

मग कोणीतरी हसलं आणि सगळा हॉल हसायला लागला. श्रद्धाने तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. नंतर सगळ्यांनीच वाजवल्या. बिडवे मॅडम मात्र पांढऱ्याफटक.

मी आईकडे बघितलं. मला वाटलं होतं ती लाजेल नाहीतर रागावेल. ती आप्पांकडे बघत होती. नुसती बघत होती. आप्पा हसले नाहीत आणि टाळ्याही वाजवल्या नाहीत. शिवकांता मावशीने कपाळाला हात लावला. मला तेव्हा फार मोकळं वाटलं, हे मी खोटं बोलणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आप्पा रागावलेच नाहीत. खोलीवर सतरंजीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. “खरं बोलली पोर. एवढ्या माणसात खरं बोलायला छाती लागती.” मला पेढा दिला.

मग आईकडे वळून, अगदी शांतपणे, “सूनबाई, घरी थोरल्या सुनेची कंबर धरलीय. गड्यांचं बघायला माणूस न्हाई. इथं पोरीचं नडतंय, तुम्हाला वढाताण होतीय, म्हणून आम्ही काई बोलत नव्हतो. भागवून घेत व्हतो. आता तुमची काय अडचण न्हाई म्हणल्यावर तुम्ही घरी चला. मनूला होस्टेल बघू.”

मी म्हटलं, “मी पण येते घरी. आप्पा, मला पण यायचंय.”

“दहावी हाय बाळा. मधीच कोण शाळा सोडवतंय?”

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा पंख्याकडे बघत होते. आप्पांसमोर पप्पांना कायम पंखा नाहीतर छप्पर दिसतं. आईने कप गोळा केले, विसळले, पालथे घातले. निदान भांडायचं होतंस ना! माझ्याशी नाही तर त्यांच्याशी. मला शाळेत घालताना बोललीस तशी बोलायची होतीस.

म्हणजे मी खरं बोलले आणि त्याचं बक्षीस काय, तर होस्टेल. मला घरी नेण्याबद्दल कोणी विचारही केला नाही. सगळ्यांनी मिळून मला फसवलंय.

६ ऑगस्ट, बुधवार

आज आई गेली. पप्पा आणि ती नांदेडच्या बसमध्ये बसले. तिथून हदगाव.

त्याआधी तिने माझं सामान होस्टेलवर लावून दिलं. कपाटात कागद अंथरला, कपड्यांच्या घड्या नीट केल्या. तिचा ड्रेस तिने शिवकांता मावशीला देऊन टाकला. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, “पोरी, तुला काय कळलंच न्हाई गं.” मी म्हटलं, “मला सगळं कळतं.”

बस सुटताना आई खिडकीतून म्हणाली, “केसाला तेल लावत जा.” डोक्यावर पदर होता. मी हात हलवला नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज बाकबदलात मी पहिल्या बाकावर गेले.

होस्टेलमध्ये करण्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून अभ्यास होतो. सकाळी घंटा वाजते, आपोआप उठायचं. डाळ पातळ आणि पोळ्या चामड्यासारख्या. रेक्टर बाई रविवारी पाच मिनिटं फोन देतात. काल आप्पा म्हणाले, “बघ, एकटी राहिली तर उलट पुढं गेली पोर! आम्ही उगीच घाबरत व्हतो.” मी म्हटलं, आईला द्या. तर ती गोठ्यात होती. मागच्या रविवारी शेतावर होती. त्याच्या आधी पाहुणे होते.

वर्गात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या पोरींनी पण. मला वाटलं होतं पहिल्या बाकावर बसल्यावर बरं वाटेल. तिथून फक्त फळा जवळ दिसतो.

२ सप्टेंबर, मंगळवार

महालक्ष्म्यांसाठी तीन दिवस घरी जाऊन आले. बसमध्ये लिहिते आहे, अक्षर हलतंय.

वर्षभर ज्या घरासाठी जीव टाकला तिथे गेले आणि पहिल्या संध्याकाळीच समजलं की मी तिथे पाहुणी आहे. मला पाटावर बसवलं, वाढलं. सगळ्यांना आईने वाढलं. पुरण तिने वाटलं, सोळा भाज्या तिने चिरल्या, फुलोरा तिने तळला. काकू कंबर धरून सूचना करत होती. तीन दिवसांत मी आईला बसलेली पाहिली ती फक्त विळीवर. माझ्याशी ती गोड बोलत होती, परक्याच्या पोरीशी बोलावं तशी. “घे की अजून एक पोळी. घे.” याने माझं डोकं फिरलं.

काल पूजा झाल्यावर ती मागे भांडी घासत होती. मी तिथे गेले.

“आई, मी काय खोटं बोलले तेवढं सांग.”

ती घासत राहिली.

“सांग ना. एक तरी वाक्य खोटं होतं का?”

तिने पातेलं असं आदळलं की गोठ्यातलं वासरू उठून उभं राहिलं.

“न्हाई! खोटं न्हाईच बोललीस तू. लई खरं बोललीस. सतरा वर्सं झाली मला या घरात. दिवसा पाठ टेकली न्हाई. आजारपणात न्हाई, तू पोटात होतीस तवा न्हाई. तिथं एक वर्स टेकली, तर ती तुला सोसली न्हाई. अगं, कष्ट पडतात म्हणल्याबिगर मला कोण राहू देणार होतं तिथं? सुखात हाय म्हणल्यावर माणूस माघारी बोलावतातच की. तेवढा एक कागद वाचायचा होता तुला. दोन मिनिटाचा.”

“मग मला सांगायचं होतंस!” मीही ओरडले. “मला का नाही सांगितलंस? मी काय तुझी सासू आहे?”

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा राग एकदम गेला, ते मला रागापेक्षा वाईट वाटलं. “तुला सांगते म्हणलं तर तुझ्याकडं कधी येळ होता? आलीस की दप्तर आपटायचीस.”

तेवढ्यात आतून काकूची हाक आली, “मनूची आई! पाहुण्यांना पान द्या!” तिने हात धुतले, पदर डोक्यावर ओढला. “आले, आले,” म्हणत गेली. तिच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं.

मला सगळ्यांचा राग येतो आहे. आप्पांचा, कारण ते वाईट वागतच नाहीत. पप्पांचा, त्यांच्या पंख्यासकट. टाळ्या वाजवणाऱ्या त्या हॉलचा. आणि आईचा तर सगळ्यात जास्त. तिने हसणं मला दाखवलं आणि त्याचं कारण लपवलं. माझी चूक काय होती? तरी ‘दोन मिनिटाचा’ हे तिचं वाक्य मी वहीच्या कडेला तीनदा लिहिलंय.

१३ सप्टेंबर, शनिवार

चाचणी. गणित. मला पाचवा प्रश्न येत होता. सहावा येत होता. सातवा तर झोपेत विचारला असता तरी आला असता. तिन्ही कोरे सोडले. शेजारचीचं पेन चालल्याचा आवाज ऐकत बसले. हात अक्षरशः मांडीखाली दाबून ठेवला होता, नाहीतर त्याने लिहिलं असतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

शेवटून दुसरा बाक. दप्तर उचलून पहिल्या बाकापासून मागपर्यंत चालले. जुलैत माझ्या जागी जी बसली होती ती पोरगी पुढे जाताना माझ्याकडे बघून हसली. मी तिची वेणी ओढली नाही, एवढंच.

श्रद्धा म्हणाली, “वेडी आहेस का? मुद्दाम केलंस ना?” मी म्हटलं, “नाही. मला काही आठवतच नाही. जेवण जात नाही मला.” बोलता बोलता लक्षात आलं की हेच वाक्य बरं आहे.

बिडवे मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. मी तेच वाक्य परत म्हटलं आणि खाली बघितलं. त्या म्हणाल्या, घरी फोन करावा लागेल. करा की, मॅडम.

२० सप्टेंबर, शनिवार

सायन्सचाही अर्धा पेपर सोडला. सोपा होता. इतका सोपा की डोळ्यांत पाणी आलं.

२१ सप्टेंबर, रविवार

रेक्टर बाईंनी फोन दिला. पलीकडे आप्पाच होते, स्पीकरवर, कारण मागे आजीचा आणि काकूचा आवाज येत होता. म्हणजे सगळे बसले होते.

“काय गं बाळा? मॅडमचा फोन आला. काय झालं?”

मी आंघोळीच्या वेळी पाठ करून ठेवलं होतं. जेवण जात नाही. डोकं दुखतं. वाचलेलं राहत नाही. आईशिवाय जमत नाही मला. पहिली तीन वाक्यं नीट झाली, अगदी मॅडमच्या भाषणासारखी. चौथं म्हणायला गेले आणि अडले. हे ठरवलेलं नव्हतं. “आईशिवाय” एवढंच तीनदा आलं तोंडातून, पुढचं येईना, आणि मी रेक्टर बाईंच्या टेबलाला धरून भोकाड पसरलं. माझाच मला इतका राग आला.

“रडू नको, रडू नको,” आप्पा घाबरलेच. मग लांबून, “सूनबाई, इकडं या जरा.”

थोडा वेळ नुसती खरखर. मग आईचा आवाज आला, फोनच्या जवळून नाही, पण मला ऐकू यावा असा.

“पुन्हा तिकडं? न्हाई जी, मला न्हाई जमायचं आता. ती एक खोली, पाणी न्हाई, बोलायला माणूस न्हाई. दिवस जाता जात न्हाई तिथं. लई हाल झाले गेल्या साली. इथं सगळं पडलंय, हे कोण बघणार?”

माझं रडणं थांबलं. मी फोन कानात घुसेल इतका दाबला. ती जास्तच करत होती. मला भीती वाटली की आता आप्पा म्हणतील, बरं राहू द्या मग. आई, बास. बास कर.

“पोरीच्या दहावीचा प्रश्न हाय, सूनबाई,” आप्पा म्हणाले. “इथलं बघू आम्ही. एखादी बाई लावू. सोसावं लागंल थोडं.”

पुन्हा खरखर. मग एक लांबलचक उसासा, असा की कोणालाही दया यावी.

“बरं. आता काय करावं. लेकरासाठी करावंच लागतंय.”

आप्पा फोन जवळ घेऊन मला म्हणाले, “ऐकलंस? किती करती बघ तुझी आई. आता तरी कदर ठेव. पुन्हा चार माणसात असं येडंवाकडं बोलू नको.”

मी म्हटलं, “नाही बोलणार, आप्पा. चुकलं माझं.”

रेक्टर बाईंनी फोन परत घेतला, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, नशीबवान आहेस, अशी आई सगळ्यांना नसते. मी हो म्हटलं, पाणी प्यायले, त्यांना थँक यू म्हटलं. मग खोलीत आले, दार लावलं आणि उशीत तोंड खुपसून ‘शिल्पा, दोन्ही पाय उचल!’ असं जेवढ्या जोरात ओरडता येईल तेवढ्या जोरात ओरडले.